जखमेवर घालावयाचीं नवीं जंतुनाशक आच्छादनें

शेतीच्या कामांत जखम ही नित्याची बाब आहे. विळ्यानें बोट कापतें, कुऱ्हाड निसटून नडगीवर बसते, बाभळीचा कांटा टाचेंत मोडतो, उसाच्या पाल्यानें हातापायांवर चिरे पडतात, आणि मळणीयंत्राच्या पट्ट्यांत हात सांपडल्याची बातमी दर हंगामांत कोठून तरी येतेच. घरांत चुलीवरचें आधण किंवा गुऱ्हाळांतील कढत काकवी सांडून भाजण्याचे प्रसंगहि थोडे नाहींत. यांपैकीं बहुतेक जखमा आपोआप भरून येतात, म्हणून त्यांची दखल कोणी घेत नाहीं. परंतु ज्या भरून येत नाहींत त्या घराचें वर्षाचें उत्पन्न खाऊन टाकतात, हें आम्हीं पुष्कळ गांवीं पाहिलें आहे. घरांतील कर्तें माणूस ऐन सुगींत आंथरुणाला खिळलें कीं बदली मजुरी, औषधपाणी व गाडीभाडें असा तिहेरी खर्च अंगावर येतो. तेव्हां जखमेवर काय बांधावें आणि या बाबतींत नवे शोध कोठवर आले आहेत, हा विषय या मासिकाच्या वाचकांस परका वाटूं नये. शिवाय या शोधांत जे जिन्नस वापरांत येत आहेत, त्यांतील बरेचसे शेतांतून, मोहोळांतून व समुद्रांतूनच निघतात. म्हणजे उत्पादक म्हणूनहि आपला त्यांच्याशीं संबंध आहे.

जखम म्हणजे अंगाच्या कुंपणाला पडलेलें खिंडार होय. कातडी शाबूत असते तोंवर बाहेरचे जंतु आंत येऊं शकत नाहींत. ती फाटली कीं त्यांना ओलावा, ऊब व अन्न हीं तिन्ही एके ठिकाणीं मिळतात. पट्टीचें काम दुहेरी आहे. खिंडार झांकणें हें एक, आणि आंत शिरलेल्यांस वाढूं न देणें हें दुसरें. कापसाच्या जाळीदार कापडाची जी साधी पट्टी आपण जाणतों, ती पहिलें काम कसेंबसें करते व दुसरें मुळींच करीत नाहीं. स्रावानें ती भिजली कीं बाहेरच्या जंतूंस आंत येण्यास तीच वाट होते. वाळली कीं जखमेस चिकटते, आणि बदलतेवेळीं नव्यानें आलेली नाजूक कातडी तिच्याबरोबर उपटून निघते. ज्यांनीं अशी पट्टी एकदां ओढून काढवून घेतली आहे, त्यांस अधिक सांगावयास नको.

जंतूंमुळें जखम चिघळते हें ज्ञान फार जुनें नाहीं. ग्लासगो येथील शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनीं १८६५ सालीं कार्बोलिक आम्लांत भिजविलेली पट्टी मोडलेल्या हाडाच्या उघड्या जखमेवर बांधून पाहिली, व १८६७ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. तेथून जंतुनाशक पट्टीचा इतिहास सुरू होतो. परंतु तें आम्ल जंतूंप्रमाणें जिवंत कातडीसहि जाळीत असे, आणि ही अडचण आजतागायत पूर्णपणें सुटलेली नाहीं. जें जंतूस मारतें तें थोडेंबहुत आपणांसहि मारतें. दुसरा मोठा बदल १९६२ सालीं झाला. इंग्लंडांतील जॉर्ज विंटर या संशोधकानें डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून कांहीं उघड्या ठेवल्या व कांहीं पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यानें झांकल्या. झांकलेल्या, म्हणजे ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारें दुप्पट वेगानें आली. जखम वाळूं द्यावी, खपली धरली कीं ती बरी होते, हा आपला सर्वांचा समज यामुळें फिरला. कोरड्या खपलीखालून नव्या कातडीच्या पेशींना वाट काढीत जावें लागतें. ओलाव्यांत त्या सरळ सरकत जातात. शेतकऱ्यास हें वाफशाच्या दाखल्यानें लगेच पटेल. चिखलांत बीं कुजतें व धुळींत उगवत नाहीं. जमीन वाफशावर असावी लागते. जखमेसहि तसाच वाफसा लागतो, आणि नव्या पट्ट्यांची सारी कारागिरी तो राखण्याकरितां आहे.

आतां अडचण अशी कीं, जखमेस जो ओलावा मानवतो तोच जंतूंसहि मानवतो. तेव्हां ओलावा राखावयाचा आणि जंतु मात्र वाढूं द्यावयाचे नाहींत, असें दोन तोंडांचें काम पट्टीकडे येतें. पूर्वीं याला सोपें उत्तर होतें. पेनिसिलीन व त्याच्या कुळांतील औषधें पोटांतून किंवा सुईनें दिलीं कीं भागत असे. तें उत्तर आतां लटकें पडूं लागलें आहे. याचें कारण कापूस पिकविणाऱ्यांस आम्हीं सांगावें असें नाहीं. बीटी कपाशीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. पहिलीं वर्षें बोंडअळी दिसेनाशी झाली. आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांत गुलाबी बोंडअळीनें त्याच कपाशीचीं बोंडें पोखरून टाकलीं. विष पचविणाऱ्या थोड्या अळ्या आधींपासून असतात. बाकीच्या मरतात, ह्या उरतात, आणि त्यांचीच प्रजा पुढें शेत व्यापते. जंतूंचेंहि असेंच. अर्धवट घेतलेली गोळी, दुकानदारानें चिठ्ठीवांचून दिलेली गोळी, कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलेलें औषध, या सर्वांनीं हीच निवड घडत गेली. २०१९ या एका वर्षांत औषधास दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनीं काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं अशा जंतूंची यादी केली, तींत जखमांत आढळणारे ॲसिनेटोबॅक्टर व स्यूडोमोनस हे अगदीं वरच्या वर्गांत घातलेले होते. भाजलेल्या रोग्यांच्या दवाखान्यांत हींच दोन नांवें पुन्हां पुन्हां ऐकूं येतात.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जुनाट जखमेंतील जंतु सुटेसुटे राहत नाहींत. विहिरीच्या पायऱ्यांवर जसें शेवाळ धरतें, तसा त्यांचा एक बुळबुळीत थर जखमेच्या तळाशीं जमतो. त्या थराच्या आंत औषध पोंचत नाहीं; रक्तांतून आलेलें तर नाहींच. म्हणून औषध जखमेवरच, पुष्कळ काळ व थोडें थोडें सुटत राहील अशी पट्टी करावी, आणि शक्य तर तें औषध असें असावें कीं जंतूस त्यावर उपाय शोधणें कठीण जावें, या विचारानें जगभर शोध चालले आहेत.

प्रथम मधाकडे वळूं. मध जखमेस लावण्याची चाल आपल्याकडे व मिसर देशांतहि फार प्राचीन आहे. परंतु चाल जुनी आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं. ती कसोटीस लावण्याचें काम आपल्या सोलापुरांत झालें, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथील वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयांतील शस्त्रवैद्य डॉ. सुब्रह्मण्यम् यांनीं भाजलेल्या १०४ रोग्यांचे दोन सारखे गट केले. एका गटास मधांत भिजविलेली पट्टी व दुसऱ्यास त्या काळीं सर्वत्र रूढ असलेलें सिल्व्हर सल्फाडायझीन हें चांदीचें मलम लावलें. १९९१ सालीं त्यांनीं हे निकाल इंग्लंडांतील शस्त्रवैद्यकाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. मधाच्या गटांत सात दिवसांत शेंकडा ९१ जखमा जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटांत शेंकडा ७. पंधरा दिवसांत भरून आलेल्या जखमा एकीकडे शेंकडा ८७ व दुसरीकडे शेंकडा १०. एका ठिकाणचे आंकडे इतके एकतर्फी असले कीं सावध वाचक कपाळास आठी घालतो, आणि तें योग्यच आहे. पुढें जगांतील अशा सर्व प्रयोगांची एकत्र छाननी झाली. २०१५ सालच्या छाननींत असें निघालें कीं, वरवर भाजलेल्या जखमा मधानें रूढ पट्ट्यांपेक्षां चार-पांच दिवस आधीं भरतात, मात्र शिरांच्या दोषामुळें पायांस पडणाऱ्या जुनाट व्रणांवर मधाचा तसा फायदा दिसून येत नाहीं. म्हणजे मध हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे; पण भाजण्यावर त्याचा गुण खरा आहे.

हा गुण येतो कोठून? पहिलें कारण मोरांबा वर्षभर टिकतो तेंच. चांगल्या पिकलेल्या मधांत पाणी शंभरांत विसापेक्षां कमी असतें. बाकी बहुतेक साखर. ही साखर जंतूंच्या अंगांतील पाणी ओढून घेते. दुसरें, मध आंबट असतो, आणि तो आंबटपणा बहुतेक जंतूंस सोसत नाहीं. तिसरें कारण सर्वांत नवलाचें आहे. मधमाशी आपल्या ग्रंथींतून मधांत एक पाचक द्रव्य घालते. मध घट्ट असतो तोंवर तें द्रव्य निजलेलें असतें. जखमेच्या स्रावानें मध पातळ झाला कीं तें जागें होतें आणि साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड अगदीं थोडें थोडें, पण एकसारखें तयार करूं लागतें. तेंच द्रव्य दवाखान्यांत बाटलींतून जखमेवर ओततात तेव्हां फेंस येऊन क्षणांत संपतें व कातडीसहि झोंबतें. माशीचें मोजमाप अधिक बेताचें आहे. न्यूझीलंडांतील मानुका नांवाच्या झुडपाच्या मधांत याखेरीज मेथिलग्लायॉक्साल हें निराळें जंतुनाशक द्रव्य पुष्कळ असतें, असें २००८ सालीं स्पष्ट झालें. त्या देशानें त्या जोरावर साध्या झुडपाच्या मधाचें सोनें केलें आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या रानांत, जांभूळ व गेळ्याच्या फुलोऱ्यांतला मध निघतो. त्याची अशी कसून परीक्षा करवून घेण्यासारखी आहे.

मात्र एक इशारा येथेंच देतों. बाजारांतील बाटलींतला मध जखमेवर ओतूं नये. तापविलेल्या मधांतील तें पाचक द्रव्य मरून जातें. आणि भेसळीची तर गोष्टच सोडा. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानें २०२० सालीं बाजारांतील १३ प्रकारचे मध तपासले, त्यांपैकीं सर्व कसोट्यांस उतरले ते फक्त तीन. शुद्ध मधांतहि कांहीं टणक जंतुबीजें जिवंत राहूं शकतात. म्हणून जखमेकरितां घ्यावयाचा मध न तापवितां गॅमा किरणांनीं निर्जंतुक करितात; त्यानें बीजें मरतात व गुण राहतो. लासलगांवास कांद्याला मोड येऊं नयेत म्हणून जे किरण २००२ सालापासून देतात, त्याच जातीचे हे किरण होत, मात्रा तेवढी मोठी. पट्ट्या, सुया वगैरे अशा किरणांनीं शुद्ध करण्याचा कारखाना तुर्भे येथें १९७४ सालींच सुरू झाला.

मुंबईंत दोन फार स्वस्त आच्छादनांचे प्रयोग झाले, तेहि सांगण्यासारखे आहेत. वाडिया बालरुग्णालयांतील डॉ. केसवानी यांनीं १९८५ सालीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. सालींचे तुकडे जाळीच्या कापडावर शेजारीं शेजारीं लावून, निर्जंतुक करून, त्यांची आंतली बाजू जखमेवर ठेवावयाची. ओलावा राहतो व पट्टी चिकटत नाहीं. पुढें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांतील डॉ. माधुरी गोरे यांनीं केळीचें पान घेतलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेंत दोन्ही आच्छादनें गुणांत सारखीं ठरलीं. पण पान बटाट्याच्या सालीपेक्षां कितीतरी स्वस्त व करावयास सोपें. पानावर जो मेणचट लेप असतो त्यामुळें तें जखमेस चिकटत नाहीं, आणि बदलतेवेळीं रोगी ओरडत नाहीं. भाजलेल्या लेकराच्या आईस याची किंमत विचारावी. पंक्तींत ज्या पानावर आपण जेवतों तेंच पान वाफेनें निर्जंतुक करून शस्त्रवैद्यानें हातीं घ्यावें, यांत आम्हांस तरी कांहीं कमीपणा दिसत नाहीं.

परंतु पान किंवा साल जंतु मारीत नाहीं. तीं केवळ झांकतात व वाफसा राखतात. सोलापुरांतच पुढें, १९९६ सालीं, मध व बटाट्याची साल यांची गांठ घालून पाहिली, तेव्हां मधाच्या गटांत दहांपैकीं नऊ जखमा आठवड्यांत जंतुरहित झाल्या, सालीच्या गटांत जंतु तसेच राहिले. म्हणून झांकण एकाचें व जंतुनाशक गुण दुसऱ्याचा अशी जोड घालणें, हा पुढचा टप्पा.

या जोडींत आज सर्वांत अधिक अभ्यास ज्याचा होत आहे तें द्रव्य कोकणच्या कोळीवाड्यांत उकिरड्यावर पडतें. कोळंबी सोलतांना तिचें डोकें व कवच मिळून सुमारें निम्मा भाग फुकट जातो. या कवचांत कायटिन नांवाचा एक चिवट पदार्थ असतो. फ्रान्सांतील आंरी ब्राकोनो यांस तो १८११ सालीं प्रथम अळंब्यांत सांपडला. पुढें तोच खेंकडे, कोळंबी व किडे यांच्या कवचांत असल्याचें कळलें. कवच वाळवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत ठेवलें म्हणजे त्यांतील चुना विरघळतो. मग सौम्य कॉस्टिक सोड्यांत ठेवलें म्हणजे मांसल भाग निघून जातो. उरतें तें कायटिन. तें पुन्हां तीव्र कॉस्टिक सोड्यांत तापविलें म्हणजे त्याचें कायटोसान होतें. आपल्या देशांत ही कृति कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें बसविली. द्राक्षबागाइतदारांनीं हें नांव फवारणीच्या औषधांत वाचलें असेल, तेंच हें. (कोणी हौसेनें घरीं करावयास जाऊं नये. तीव्र कॉस्टिक सोडा स्वतःच जखम करतो, आणि उरलेलें पाणी ओढ्यांत सोडलें तर मासे मरतात.)

कायटोसानचा गुण असा कीं, आंबट पाण्यांत तें विरघळतें व त्याच्या कणांवर धन विद्युत् येते. निसर्गांत धन विद्युत् धरणारे असे पदार्थ विरळा. उलट रक्तांतील तांबड्या पेशी व जंतूंच्या अंगावरचा पापुद्रा हे दोन्ही ऋण. त्यामुळें दोन कामें होतात: तांबड्या पेशी त्यास चिकटून रक्ताची गुठळी झटकन धरते, आणि जंतूंचा पापुद्रा ओढला जाऊन फुटूं लागतो. हा मार हातानें दिलेल्या धक्क्यासारखा सरधोपट आहे, एखाद्या कुलपास एक किल्ली असा नाहीं. म्हणून जंतूस त्यावर तोड काढणें जड जातें असें शास्त्रज्ञ मानतात. आम्ही म्हणतों, बोंडअळीची आठवण ठेवून ‘जड’ म्हणावें, ‘अशक्य’ म्हणूं नये. कायटोसानची रक्त थांबविणारी पट्टी अमेरिकेंत २००२ सालीं मान्य झाली व पुढें इराकच्या युद्धांत सैनिकांस उपयोगी पडली. कोयत्याचा खोल घाव आणि गोळीचा घाव यांत पहिल्या दहा मिनिटांपुरता फारसा फरक नाहीं. रक्त थांबलें तर माणूस वांचतो. ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीबरोबर अशी एकेक पट्टी असावी, ती मुकादमाच्या नव्हे तर कारखान्याच्या खर्चानें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत आम्हीं फडावर पाहून बनविलें आहे. आम्ही खात्यांत असतां पैसेवारीच्या पाहणीस जात असूं, तेव्हां एका फडांत घोट्याजवळ कोयता लागलेली एक बाई बसलेली होती. जखमेंत तंबाखू व चुना भरून वर लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. जवळचें आरोग्यकेंद्र बंद असल्याचें कळलें. पुढल्या महिन्यांत चौकशी केली, तों ती गांवीं परतली होती आणि पाय अजून भरला नव्हता. ज्यानें उचल घेतली आहे त्याच्या घरांत असा एक पाय म्हणजे पुढल्या वर्षाचें कर्ज होय.

चांदीविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. चांदीचे अतिसूक्ष्म कण ओलाव्यांत विरघळून जंतूंचे व्यवहार बंद पाडतात. १९६८ सालापासून तिचें मलम भाजण्यावर चालत आलें आहे, आणि हल्लीं एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागानें मोजावे लागणारे कण पट्टीच्या धाग्यांवर बसवितात. जंतु मारण्यांत ती प्रबळ. पण नव्या कातडीच्या वाढीस ती अडथळा करते असेंहि आढळलें आहे, म्हणून स्वच्छ जखमेवर तिचें काम नाहीं. समुद्रांतील तपकिरी शेवाळापासून निघणाऱ्या अल्जिनेटचे धागे स्रावांत भिजले कीं आपल्यांतील चुन्याचा अंश सोडून स्रावांतील मिठाचा अंश घेतात व त्यांचा मऊ गर होतो. पाझरणाऱ्या जखमेस हें फार चांगलें. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें निराळी युक्ति केली आहे. पाण्यांत विरघळणाऱ्या कृत्रिम द्रव्याच्या चकतीवर किरण सोडले म्हणजे तिचे रेणु एकमेकांत गुंततात, पाण्यासकट चकती थिजते, आणि त्याच वेळीं ती निर्जंतुकहि होते. खरवसाच्या वडीसारखी ही थंडगार चकती भाजल्यावर ठेवली कीं आग शमते.

हळदीचा उल्लेख केल्यावांचून मराठी वाचक आम्हांस सोडणार नाहीं. हळद जखमेवर लावण्याच्या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें जुन्या ग्रंथांचे व लेखांचे पुरावे पुढें मांडून तें १९९७ सालीं रद्द करविलें. दाव्यांत आपण जिंकलों हें खरें; पण हळदीची पट्टी दुकानांत आली काय? अडचण अशी कीं हळदींतील गुणकारी द्रव्य, करक्युमिन, पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं व उजेडानें बिघडतें. चिमूटभर पूड जखमेवर टाकली तर त्यांतलें फारच थोडें जखमेस लागतें, आणि पुडींतील धूळ व जंतु मात्र सगळे लागतात. यावर हल्लीं सूक्ष्म धाग्यांचा उपाय चालू आहे. जत्रेंत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ करितात, तसाच हा प्रकार. फक्त गरगर फिरविण्याऐवजीं विजेचा मोठा दाब लावतात. सुईच्या टोंकाशीं आलेला कायटोसानासारख्या द्रव्याचा थेंब त्या दाबानें खेंचला जाऊन केसाच्या शंभराव्या भागाहूनहि बारीक धागा निघतो, आणि अशा धाग्यांची गादी खालच्या पत्र्यावर सांठते. द्रावणांत आधींच करक्युमिन, मध किंवा चांदी मिसळलेली असली म्हणजे ती धाग्याधाग्यांत कोंडली जाते व जखमेंत हळूहळू सुटत राहते. गादीचीं छिद्रें इतकीं बारीक असतात कीं हवा व वाफ जाते, जंतु जात नाहीं.

अशा पट्ट्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वरचेवर येतात, आणि महिन्यानें कोणी त्यांचें नांव काढीत नाहीं. याचें कारण समजून घेतलें पाहिजे. पहिली परीक्षा कांचेच्या तबकडींत होते. खळीसारख्या थरावर जंतु पेरावयाचे, मध्यें पट्टीचा तुकडा ठेवावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं त्याभोंवतीं जंतु न उगवलेलें कडें किती रुंद पडलें तें मोजावयाचें. कडें पडलें कीं बातमी होते. परंतु तबकडींत रक्त नसतें, पू नसतो, शेवाळासारखा थर नसतो आणि दुखणारें माणूसहि नसतें. आमच्या जुन्या खात्याच्या भाषेंत सांगावयाचें तर ही तलाठ्यानें धरलेली फेरफाराची नोंद झाली. मंडळ अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावयाची आहे, हरकतींची मुदत जावयाची आहे, आणि तोंवर त्या सातबाऱ्यावर कोणी शहाणा जमीन घेत नाहीं. तबकडीनंतर जिवंत कातडीच्या पेशींवर, मग उंदीर व डुकरांवर, मग थोड्या रोग्यांवर, मग पुष्कळ रोग्यांवर अशी परीक्षा व्हावी लागते. आपल्या देशांत वैद्यकीय साधनांचे नियम २०१७ सालीं झाले व १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. विकावयाच्या पट्टीस त्यांतून जावें लागतें. यांत वर्षें जातात व पैसा लागतो, आणि बहुतेक शोध येथेंच अडतात.

मग आज घरीं काय करावें? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी व मध्येंच उचलून पाहूं नये. थांबल्यावर स्वच्छ वाहत्या पाण्यानें जखम भरपूर धुवावी, भोंवतालची कातडी साबणानें धुवावी, आणि न चिकटणारी स्वच्छ पट्टी बांधावी. भाजलें असेल तर वीस मिनिटें साधें थंड पाणी सोडावें. बर्फ, शाई, दांतांची पेस्ट यांतलें कांहीं नको. शेण, राख, माती, तंबाखू, चुना जखमेंत कधींहि भरूं नये. धनुर्वाताचीं बीजें मातींत व शेणांतच असतात, आणि वर सांगितलेल्या नव्या पट्ट्यांपैकीं एकहि धनुर्वात टाळीत नाहीं. तो टाळते ती सुई, तेव्हां शेतांतील प्रत्येक खोल जखमेनंतर ती घेतली आहे कीं नाहीं हें डॉक्टरास विचारावें. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं पायाची लहानशी जखमहि त्याच दिवशीं दाखवावी, कारण त्यांच्या पायास दुखणें कळत नाहीं आणि कळतें तेव्हां बोट काळें पडलेलें असतें.

जनावरांविषयीं एक-दोन गोष्टी सांगून पुरे करितों. बैलाची खांदेसूज, म्हशीच्या सडावरची चीर, शिंग मोडल्याची जखम यांस माणसाच्या औषधांतलें उरलेलें मलम लावण्याची चाल पडली आहे. त्यानें तेच हट्टी जंतु गोठ्यांत तयार होतात व धार काढणाऱ्याच्या हातीं लागतात. मध व कायटोसान यांचे प्रयोग जनावरांवरहि झाले आहेत, परंतु बैलाच्या मानेवर पट्टी टिकविणें हीच मोठी अडचण. जूं चढलें कीं ती निघाली. तेव्हां खांदा भरेपर्यंत बैलास जुंपूं नये, यास पर्याय नाहीं. पावसाळ्यांत जखमेवर माशी बसून किडे पडतात. ते पशुवैद्याकडून काढवून व जखम धुवून झाल्याखेरीज कोणतीहि पट्टी, जुनी वा नवी, वरून बांधूं नये, कारण झांकलेले किडे आंत खोल जातात.